प्रिस्टिपोमॉइडीस फिलामेंटोसस

प्रिस्टिपोमॉइडीस फिलामेंटोसस हा लुट्यानिडी कुलातील, उष्ण कटिबंधातील समुद्राच्या खोल पाण्यात राहणारा अस्थिमत्स्य आहे. कोकण किनाऱ्यावर तांबोशी या नावाने ओळखले जाणारे मासे याच कुलातील असल्यामुळे मराठीत त्याचे वर्णन 'खोल पाण्यातील तांबोशी' असे करता येते. मात्र नेहमीच्या तांबोशीची प्रजाती वेगळी आहे. इंग्रजीत त्याला क्रिमझन जॉबफिश, तर हवाई बेटांवर ओपाकापाका म्हणतात. हिंदी व प्रशांत महासागरांत पूर्व आफ्रिकेपासून हवाईपर्यंत त्याचा प्रसार आहे.

मत्स्यविज्ञानात या जातीला दोन कारणांनी महत्त्व आले आहे. रंगाने व आकाराने तिच्याशी जुळणारे अनेक मासे असल्यामुळे तिची ओळख पटवणे सोपे नाही, हे पहिले कारण. दुसरे असे की, हा मासा चाळीस वर्षांहून अधिक काळ जगतो आणि त्याची वाढ सावकाश होते. अशा माशाची नोंद भलत्याच नावाखाली झाली, तर त्याची घटणारी संख्या वेळेवर लक्षात येत नाही. म्हणून या जातीच्या बाबतीत ओळख आणि संवर्धन हे प्रश्न एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत.

वर्गीकरण आणि नाव

फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ अशील व्हालांसिएन यांनी १८३० साली हिंदी महासागरातील रेयुनियाँ बेटावरील नमुन्यावरून या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्या वेळी तिला सेरॅनस या, आज हेकरूच्या जवळच्या मानल्या जाणाऱ्या, प्रजातीत स्थान देण्यात आले होते. पुढे १८५२ साली डच मत्स्यशास्त्रज्ञ पीटर ब्लीकर यांनी प्रिस्टिपोमॉइडीस ही प्रजाती स्थापन केली आणि कालांतराने ही जाती तिच्यात समाविष्ट झाली. हवाईविषयीच्या जुन्या लेखनात हाच मासा प्रिस्टिपोमॉइडीस मायक्रोलेपिस या नावानेही आढळतो. जुने अहवाल वाचताना ही दोन्ही नावे एकाच जातीची आहेत हे ध्यानात ठेवावे लागते.

जातिवाचक नावातील 'फिलामेंटोसस' या लॅटिन शब्दाचा अर्थ 'तंतुयुक्त' असा आहे. पाठीवरील व गुदद्वारामागील पराच्या शेवटच्या किरणाला आलेले तंतूसारखे टोक या नावातून सुचवले आहे. प्रजातीचे नाव 'प्रिस्टिपोमासारखा' या अर्थाचे असून, प्रिस्टिपोमा या शब्दात करवत आणि झाकण या अर्थांचे दोन ग्रीक शब्द आहेत.

लुट्यानिडी कुलातील एटेलिनी या उपकुलात प्रिस्टिपोमॉइडीस, एटेलिस, ॲफेरिअस आणि ॲप्रिऑन या प्रजाती येतात. यांतील बहुतेक जाती प्रवाळांच्या उथळ पट्ट्याखाली, खंडांच्या व बेटांच्या उतारांवर राहतात. तांबोशीची लुट्यानस ही प्रजाती मात्र प्रामुख्याने खाड्या, खारफुटी, प्रवाळ आणि किनाऱ्याजवळील खडकाळ तळ यांच्याशी निगडित आहे.

शरीररचना

शरीर लांबट, भक्कम व दोन्ही बाजूंनी किंचित चपटे असते. दोन डोळ्यांमधील कपाळाचा भाग सपाट असतो. खालचा जबडा वरच्यापेक्षा थोडा पुढे येतो. जबड्यांत बारीक दातांचे पट्टे व बाहेरच्या ओळीत शंक्वाकृती दात असतात. टाळूच्या पुढील भागातील दातांचा समूह त्रिकोणी असून जिभेवर दात नसतात.

पृष्ठपक्षात (पाठीवरील परात) १० काटे व ११ मृदू किरण, तर गुदपक्षात ३ काटे व ८ मृदू किरण असतात. या दोन्ही परांच्या बुडाशी खवले नसतात. दोन्ही परांचा शेवटचा किरण इतरांपेक्षा लांब असतो. अंसपक्ष (कल्ल्यामागील पर) लांब असून त्याचे टोक साधारणतः गुदद्वाराच्या पातळीपर्यंत पोचते. पुच्छपक्ष (शेपटीचा पर) दुभंगलेला असतो. शरीराच्या बाजूने जाणाऱ्या पार्श्वरेखेवर साधारणतः ५७ ते ६२ खवले असतात.

रंग तपकिरी, फिकट जांभळा किंवा तांबूस जांभळा असतो. मुस्कटावर व कपाळावर पिवळ्या बारीक रेषा आणि निळसर ठिपके दिसतात. पृष्ठपक्ष व पुच्छपक्ष फिकट निळे वा जांभळट असून त्यांच्या कडा तांबूस नारिंगी असतात. मासा मेल्यावर आणि बर्फात ठेवल्यावर या रंगच्छटा फिकट होतात. त्यामुळे रंग ही ओळखीची पहिली खूण असली, तरी ती शेवटची खूण मानता येत नाही. लांबी जास्तीत जास्त सुमारे १०० सेंटीमीटर होते. पकडीत येणारे मासे सामान्यतः त्याहून बरेच लहान असतात.

ओळख पटवण्याची रीत

लाल वा तांबूस माशांच्या ढिगातून ही जाती वेगळी काढताना पुढील क्रम उपयोगी पडतो.

१. पृष्ठपक्षाचे बूड पाहावे. मृदू किरणांच्या बुडाशी खवल्यांचे आवरण असेल, तर मासा लुट्यानस प्रजातीतील असण्याचा संभव असतो. बूड खवलेरहित असेल आणि शेवटचा किरण लांबलेला असेल, तर तो एटेलिनी उपकुलातील असू शकतो.

२. किरण मोजावेत. प्रिस्टिपोमॉइडीसच्या पृष्ठपक्षात ११ मृदू किरण असतात. कोकणात परिचित असलेल्या लुट्यानस आर्जेंटिमॅक्युलेटस या तांबोशीत ते १३ किंवा १४ असतात.

३. पृष्ठपक्षाची वरची कड पाहावी. काट्यांचा भाग व मृदू किरणांचा भाग यांच्यामध्ये खोल खाच असल्यास मासा एटेलिस प्रजातीचा असतो. प्रिस्टिपोमॉइडीसमध्ये ही कड जवळजवळ सलग असते.

४. तोंड उघडून टाळू पाहावा. टाळूवर दात नसतील आणि तोंडाची फट मोठी असेल, तर ॲफेरिअस प्रजातीचा विचार करावा.

५. प्रजाती निश्चित झाल्यावर पार्श्वरेखेवरील खवले मोजावेत. प्रिस्टिपोमॉइडीस मल्टिडेन्स आणि प्रिस्टिपोमॉइडीस टायपस या जातींमध्ये ते ४८ ते ५२ इतके कमी असतात. प्रिस्टिपोमॉइडीस सिबोल्डी या जातीत ते सुमारे ७० किंवा अधिक असतात आणि जिभेवर दातांचा समूहही असतो. फिलामेंटोसस या दोहोंच्या मध्ये येतो.

६. शेवटी डोक्यावरील खुणा पाहाव्यात. मल्टिडेन्सच्या मुस्कटाच्या बाजूस निळ्या कडांचे सोनेरी पट्टे आणि माथ्यावर बाणाच्या टोकासारख्या पिवळ्या आडव्या रेषा असतात. टायपसच्या माथ्यावरील पिवळ्या रेषा नागमोडी असून लांबीच्या दिशेने जातात.

केवळ तंतू दिसला म्हणून जाती ठरवणे धोक्याचे असते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर विपुल मिळणारा राणी मासा, म्हणजे नेमिप्टेरस प्रजातीतील मासा, हाही गुलाबी असतो. त्यातील नेमिप्टेरस जॅपोनिकस या जातीलाही तंतू असतो, परंतु तो शेपटीच्या वरच्या पात्याच्या टोकाला असतो. शिवाय राणी माशाच्या पृष्ठपक्षात ९ आणि गुदपक्षात ७ मृदू किरण असतात.

मासा कापून, कातडी काढून विकला जात असेल, तर वरीलपैकी बहुतेक खुणा नाहीशा होतात. अशा वेळी मांसाच्या तुकड्यातील डीएनएचा ठरावीक भाग वाचून जाती निश्चित करतात. या पद्धतीला डीएनए बारकोड पद्धत म्हणतात.

अधिवास

ही जाती सुमारे ४० ते ४०० मीटर खोलीवर आढळते आणि बहुधा १८० ते २७० मीटरच्या दरम्यान पकडली जाते. प्रौढ मासे खडकाळ तळ, समुद्रांतर्गत टेकड्या व तीव्र उतारांच्या कडा पसंत करतात. अशा कडांवर प्रवाह आदळून वर वळतो आणि त्याबरोबर अन्न वाहून येते.

पिल्लांचा अधिवास मात्र निराळा असतो. हवाईत झालेल्या अभ्यासांत या जातीची पिल्ले सुमारे ६० ते १०० मीटर खोलीवरील सपाट, मऊ गाळाच्या तळावर आढळली. प्रौढांना लागणारे खडक तेथे नव्हते. त्यामुळे केवळ खडकाळ कडांना संरक्षण दिल्याने या माशाचे संपूर्ण जीवनचक्र सुरक्षित होत नाही.

खोलीचे आकडे एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. अरबी समुद्रात साधारणतः १५० ते २०० मीटरपासून सुमारे १,००० मीटरपर्यंत प्राणवायूचे प्रमाण अत्यंत कमी असलेला पाण्याचा जाड थर आहे. हवाईच्या पाण्यात जी खोली या माशाला मानवते, त्याच खोलीवर अरबी समुद्रात श्वसनाची अडचण उभी राहू शकते. भारताच्या नैर्ऋत्य किनाऱ्यालगत खडकाळ तळावरील माशांची पूर्वापार प्रसिद्ध क्षेत्रे ७५ ते ११५ मीटरच्या आसपास आहेत, ही बाब या दृष्टीने लक्षणीय आहे.

आहार

खोल पाण्यातील तांबोशीवर्गीय मासे एकाच कड्यावर राहत असले, तरी सर्वांचे अन्न सारखे नसते. हवाईतील पेंग्विन बँक येथील अभ्यासात असे दिसून आले की, फिलामेंटोसस हा प्रामुख्याने पाण्यात तरंगणारे प्राणी खातो. पायरोसोम व साल्प यांसारखे जेलीसारखे पारदर्शक प्राणी, लहान कोळंबीवर्गीय जीव, माकुळ आणि छोटे मासे यांचा त्यात समावेश होतो. एटेलिस प्रजातीचे मासे तुलनेने अधिक मत्स्यभक्षी असतात. फिलामेंटोसस तळाला चिकटून न राहता तळापासून काहीसा वर थव्याने वावरतो, याची संगती या आहाराशी लागते.

प्रजनन

नर व मादी वेगळे असतात. फलन शरीराबाहेर होते. मादी एका हंगामात अनेकदा, टप्प्याटप्प्याने अंडी सोडते. अंडी व डिंभ पाण्याबरोबर वाहत जातात आणि पुढे पिल्ले तळाजवळ वस्ती करतात. हवाईत हा हंगाम उन्हाळ्यापासून हिवाळ्याच्या आरंभापर्यंत चालतो. तेथे मादी सुमारे ४० ते ४५ सेंटीमीटर लांबीची झाल्यावर प्रजननक्षम होते.

मोठी मादी लहान मादीपेक्षा अनेक पटींनी अधिक अंडी देते. बाजारात मात्र मोठ्या माशालाच अधिक भाव मिळतो. परिणामी, सर्वाधिक अंडी देणाऱ्या माद्या मासेमारीत आधी संपतात.

वय आणि वाढ

माशाचे वय ठरवण्यासाठी त्याच्या अंतःकर्णातील कर्णाश्म या चुनखडीयुक्त खड्यांचा उपयोग होतो. थंड प्रदेशांतील माशांच्या कर्णाश्मात झाडाच्या वलयांप्रमाणे वार्षिक वलये स्पष्ट दिसतात. उष्ण प्रदेशात, विशेषतः खोल पाण्यात, ऋतूंमधील फरक सौम्य असल्याने ही वलये अस्पष्ट असतात. म्हणून संशोधकांनी प्रथम दररोज पडणारी सूक्ष्म वलये मोजली. लहान वयात ही रीत विश्वसनीय ठरते. परंतु मासा मोठा झाल्यावर दैनिक वलये इतकी पातळ होतात की ती मोजणे शक्य राहत नाही. त्यामुळे आयुर्मानाचे पूर्वीचे अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी आले.

पुढे दोन किरणोत्सर्गी पद्धतींनी हा प्रश्न सोडवला. पहिली पद्धत कार्बन-१४ वर आधारित आहे. १९५० व १९६० च्या दशकांतील अणुचाचण्यांमुळे वातावरणातील, आणि त्यामागोमाग समुद्रातील, कार्बन-१४ चे प्रमाण झपाट्याने वाढले. त्या वाढीची तारीखवार नोंद प्रवाळांत साठून राहिली आहे. कर्णाश्माच्या गाभ्यातील प्रमाण या नोंदीशी ताडून पाहिले की, माशाच्या जन्माचा काळ कळतो. दुसऱ्या पद्धतीत रेडियम-२२६ पासून तयार होणाऱ्या शिसे-२१० चे प्रमाण मोजतात. मासा जितका वयस्क, तितके हे प्रमाण अधिक असते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या हवाईतील संशोधनात या पद्धतींच्या आधारे फिलामेंटोससचे आयुर्मान ४० वर्षांहून अधिक असल्याचे सिद्ध झाले.

या आकड्याचा अर्थ तुलनेने स्पष्ट होतो. सोलापूर जिल्ह्यातील उजनी जलाशयासारख्या गोड्या पाण्यात वाढणारा कटला हा झपाट्याने वाढणारा मासा आहे. तळ्यात अनुकूल स्थितीत वाढवलेला कटला वर्षभरात साधारणतः एक किलो वजनाचा होतो. अशा माशाची घट बीज सोडून काही वर्षांत भरून काढता येते. चाळीस वर्षे जगणाऱ्या, समुद्राच्या उतारावरील माशाच्या बाबतीत तसे घडत नाही. एका मोठ्या माशाची जागा भरून निघण्यास माणसाच्या आयुष्यातील मोठा काळ जावा लागतो.

एका नावाखाली दोन जाती

चुकीच्या ओळखीचे परिणाम किती दूरवर पोचतात, हे जवळच्याच एटेलिस प्रजातीच्या उदाहरणावरून दिसते. एटेलिस कार्बंक्युलस या नावाने हिंदी व प्रशांत महासागरांत ओळखल्या जाणाऱ्या लाल माशांत प्रत्यक्षात दोन जाती मिसळलेल्या होत्या. आनुवंशिक परीक्षण, कर्णाश्मांचा आकार आणि शरीराच्या मोजमापांवरून हे स्पष्ट झाले. २०२१ साली दुसऱ्या जातीचे एटेलिस बोवेनी या नावाने वर्णन करण्यात आले. ती कार्बंक्युलसपेक्षा बरीच मोठी होते आणि तिच्या शेपटीच्या वरच्या पात्याचे टोक काळे असते.

या दोन जातींची वाढ व प्रौढत्वाचा आकार भिन्न आहेत. दोघींचे मासे एकत्र मोजून काढलेली सरासरी दोघींपैकी कोणालाच लागू पडत नाही. अशा सरासरीवर बेतलेली पकडीची मर्यादा एका जातीला अनावश्यक कडक, तर दुसरीला घातक ठरू शकते.

मासेमारी

खडकाळ तळावर ट्रॉल जाळे ओढल्यास ते अडकून फाटते. म्हणून हा मासा मुख्यतः उभ्या दोरीला अनेक गळ लावून पकडतात. हवाईत ओपाकापाका हा अत्यंत प्रतिष्ठेचा खाद्यमासा असून त्याच्यासह सात जातींचा 'डीप सेव्हन' हा गट नियंत्रणाखाली आहे. तेथे १९९८ साली १९ क्षेत्रांत तळमासेमारीवर निर्बंध घालण्यात आले आणि २००७ पासून मुख्य बेटांसाठी पकडीची एकूण मर्यादा ठरवण्यास आरंभ झाला.

लहान मासा पुन्हा पाण्यात सोडणे हा उपाय या जातीला फारसा उपकारक ठरत नाही. २०० मीटर खोलीवर पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या सुमारे २१ पट असतो. या माशाच्या वाताशयाला हवा बाहेर जाण्यासाठी नळी नसते. मासा वेगाने वर ओढला गेला की, आतील वायू प्रसरण पावतो, जठर तोंडावाटे बाहेर येते, डोळे फुगतात आणि सोडलेला मासा पृष्ठभागावरच तरंगत राहतो. त्यामुळे आकाराची किमान मर्यादा घालण्यापेक्षा क्षेत्रबंदी व एकूण पकडीवरील मर्यादा हे उपाय अधिक परिणामकारक ठरतात.

भारत आणि महाराष्ट्र

भारतात खडकाळ तळावरील हेकरू, तांबोशी व जॉबफिश यांची मासेमारी केरळच्या किनाऱ्यावर आणि कन्याकुमारीच्या दक्षिणेकडील वेज बँक या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. केरळात या पकडीला 'कलवा' म्हणतात. प्रिस्टिपोमॉइडीसच्या जाती तिच्यात समाविष्ट असतात.

महाराष्ट्राला सुमारे ७२० किलोमीटर लांबीचा किनारा लाभला आहे. परंतु त्यासमोरील सागरमंच रुंद व उथळ आहे. डोल जाळी, तरती जाळी आणि ट्रॉल जाळी यांनी होणारी मासेमारी मुख्यतः याच मंचावर चालते. राज्याच्या अखत्यारीतील समुद्र किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत आहे. खोल पाण्यातील माशांचा अधिवास त्यापलीकडे, केंद्र शासनाच्या अखत्यारीतील क्षेत्रात येतो. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाणारे आंग्रिया बँक हे बुडालेले पठार आहे. त्याचा माथा सुमारे २० मीटर खोलीवर असून कडा खोल पाण्यात उतरतात. खोल पाण्यातील मासे शोधताना अशाच कडांकडे लक्ष द्यावे लागते.

या विषयाशी संबंधित दोन महत्त्वाच्या संस्था मुंबईत आहेत. भारतीय मत्स्य सर्वेक्षण ही संस्था १९४६ साली खोल समुद्रातील मासेमारीचे केंद्र म्हणून सुरू झाली आणि १९८३ साली तिला आजचे नाव मिळाले. वर्सोवा येथील केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेची स्थापना १९६१ साली झाली.

खाद्य म्हणून

मांस पांढरट गुलाबी आणि चवीला सौम्य असते. खरेदी करताना जातीची ओळख आरोग्याच्या दृष्टीनेही महत्त्वाची ठरते. प्रवाळांत राहणाऱ्या लुट्यानस बोहार या लाल माशाच्या शरीरात काही ठिकाणी सिग्वाटेरा ही विषबाधा घडवणारे विष साठते. ते सूक्ष्म शैवलांतून अन्नसाखळीद्वारे येते आणि शिजवल्याने किंवा गोठवल्याने नष्ट होत नाही. बोहार आणि खोल पाण्यातील जॉबफिश यांची कातडी काढलेली मांसाची तुकडी डोळ्यांनी वेगळी करता येत नाही. त्यामुळे मोठा लाल मासा शक्यतो अखंड स्थितीत पाहून घेणे श्रेयस्कर असते.

संवर्धन

अनेक बंदरांवरील नोंदींत तांबोशी, जॉबफिश आणि एटेलिस यांचा समावेश एकाच शीर्षकाखाली केला जातो. एकत्रित वजन वर्षानुवर्षे स्थिर दिसले, तरी त्या आत सावकाश वाढणारी जाती कमी होत जाऊन झपाट्याने वाढणारी तिची जागा घेत असू शकते. बेरजेत हा बदल दिसत नाही. यासाठी पकड उतरवतानाच जातिनिहाय नोंद करणे, माशांची लांबी मोजणे आणि काही कर्णाश्म जतन करणे ही कामे पायाभूत मानली जातात. पृष्ठपक्षाचे बूड पाहणे, किरण मोजणे व खवले मोजणे यांना उपकरण लागत नाही. थोड्या सरावाने विद्यार्थी, मासेमार व नोंद घेणारे कर्मचारी ही ओळख पटवू शकतात, आणि दीर्घायुषी माशाच्या व्यवस्थापनाची सुरुवात तेथूनच होते.